एर्न्स्ट आबे

एर्न्स्ट कार्ल आबे (जन्म : आयझेनाख, २३ जानेवारी १८४०, मृत्यू : येना, १४ जानेवारी १९०५) हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ, गणिती, प्रकाशीय उपकरणांचे रचनाकार आणि उद्योजक होते. भिंगातून मिळणाऱ्या प्रतिमेची सुस्पष्टता कोठवर वाढविता येते आणि ती कोणत्या कारणाने थांबते, याचा नियम त्यांनी १८७३ साली मांडला. सूक्ष्मदर्शकासाठी मांडलेला हा नियम छायाचित्रणाची भिंगे, उपग्रहांवरील कॅमेरे आणि दृश्य व अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या आजच्या संवेदक चिप यांनाही लागू पडतो. कार्ल झाइस आणि ओटो शॉट यांच्यासह त्यांनी येना या छोट्या विद्यापीठनगरीला प्रकाशीय उद्योगाचे केंद्र बनविले. आपल्या मालकीचा कारखाना एका संस्थेच्या स्वाधीन करून त्यांनी कामगारांना दिलेले हक्क, हा त्यांच्या चरित्राचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

बालपण आणि शिक्षण

आबे यांचा जन्म थुरिंगिया प्रांतातील आयझेनाख येथे एका गरीब कुटुंबात झाला. वडील गेओर्ग आडाम आबे हे तेथील सूतगिरणीत कामाला होते व पुढे मुकादम झाले. त्या काळी गिरणीतील काम दिवसाला चौदा ते सोळा तास चाले आणि मध्ये जेवणाची सुट्टी नसे. लहानगा एर्न्स्ट दुपारी वडिलांचे जेवण घेऊन गिरणीत जाई. वडील यंत्राला टेकून उभ्याउभ्याच चार घास घाईने पोटात ढकलत, रिकामे भांडे मुलाच्या हाती देत आणि लगेच कामाला लागत. अंगापिंडाने धिप्पाड असलेला हा माणूस पन्नाशीच्या आतच म्हातारा दिसू लागला होता. ही आठवण आबे यांनी उतारवयात, कामाच्या तासांविषयी जाहीर व्याख्यान देताना सांगितली. त्यांच्या पुढील अनेक निर्णयांचे मूळ या गिरणीत सापडते.

मुलाची हुशारी पाहून गिरणीमालकाने त्याच्या शिक्षणासाठी साहाय्य केले. आयझेनाखमधील शालेय शिक्षण संपवून आबे १८५७ साली येना विद्यापीठात दाखल झाले. तेथून ते ग्योटिंगेन येथे गेले. ग्योटिंगेन हे तेव्हा गणित आणि भौतिकीचे अग्रगण्य पीठ होते. विल्हेल्म वेबर आणि बेर्नहार्ट रीमान यांच्यासारखे अध्यापक तेथे त्यांना लाभले. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांच्या तुल्यतेवर प्रबंध लिहून १८६१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. त्यानंतर काही काळ फ्रांकफुर्ट येथील भौतिकी मंडळात अध्यापन करून ते येनाला परतले.

विद्यापीठात व्याख्याता होण्यासाठी १८६३ साली त्यांनी सादर केलेला प्रबंध निरीक्षणांतील चुकांच्या वितरणाविषयी होता. एकच मोजमाप पुन्हा पुन्हा घेतले असता येणाऱ्या लहानमोठ्या चुका एखाद्या नियमाने विखुरतात की नाही, हे कसे ओळखावे, असा तो प्रश्न. त्यात त्यांनी काढलेले गणिती वितरण पुढे संख्याशास्त्रात काय-वर्ग वितरण या नावाने प्रसिद्ध झाले. परंतु आबे यांचे हे काम त्यांच्या हयातीत फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. मोजमापावर भरवसा ठेवण्यापूर्वी त्यातील चूक मोजावी, ही सवय मात्र त्यांना येथूनच जडली.

१८७० साली ते येना विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८७१ मध्ये त्यांचा विवाह एल्झे स्नेल यांच्याशी झाला. येना येथील गणित व भौतिकीचे प्राध्यापक कार्ल स्नेल हे त्यांचे सासरे. या दांपत्याला दोन मुली झाल्या. १८७८ पासून येनाच्या वेधशाळेचे संचालकपदही आबे यांच्याकडे होते.

झाइस यांची कार्यशाळा

कार्ल झाइस हे आबे यांच्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठे. १८४६ साली त्यांनी येना येथे छोटी कार्यशाळा उघडली होती आणि विद्यापीठाची उपकरणे बनविणे व दुरुस्त करणे हा त्यांचा व्यवसाय होता. १८६६ पर्यंत त्यांच्या कार्यशाळेतून एक हजार सूक्ष्मदर्शक बाहेर पडले होते आणि त्यांचे नावही झाले होते. तरीही झाइस समाधानी नव्हते. त्या काळी युरोपभर सूक्ष्मदर्शकाची भिंगे अंदाजपंचे पद्धतीने बनत. कारागीर भिंगे घासून त्यांच्या निरनिराळ्या जोड्या लावून पाही आणि ज्या जोडीतून चित्र चांगले दिसे ती नळीत बसवी. एक उत्कृष्ट नमुना हाती आला तरी तसाच दुसरा बनेल याची खात्री नसे. भिंगाचा आकार, जाडी, काचेचा प्रकार, दोन भिंगांमधील अंतर हे सर्व आधी गणिताने ठरावे आणि मग कारागिराने ते तंतोतंत उतरवावे, अशी झाइस यांची आकांक्षा होती. स्वतः त्यांना तेवढे गणित येत नव्हते. एका गणितज्ञाबरोबर त्यांनी पूर्वी केलेला प्रयत्न फसला होता. १८६६ साली त्यांनी सव्वीस वर्षांच्या आबे यांना हे काम सोपविले.

आबे यांनी आधी मोजमापाची साधने बनविली. काचेचा अपवर्तनांक, म्हणजे काचेत शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, अचूक मिळाल्याशिवाय गणिताला अर्थ नव्हता. त्यासाठी त्यांनी तयार केलेला अपवर्तनांकमापक आजही आबे यांच्याच नावाने ओळखला जातो. रसायनशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी तो प्रयोगशाळेत हाताळलेला असतो. उसाच्या रसाचा ब्रिक्स मोजण्यासाठी साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत वापरली जाणारी अपवर्तनांकावरची उपकरणेही याच तत्त्वावर चालतात.

भिंगाचे नाभीय अंतर मोजण्यासाठीही त्यांनी साधने बनविली. कार्यशाळेतील कामाची रीतही त्यांनी बदलली. एकच कारागीर संपूर्ण उपकरण घडवी, ती पद्धत जाऊन प्रत्येकाने आपल्या वाट्याचा भाग दिलेल्या मापाबरहुकूम करावा, अशी विभागणी आली. जुन्याजाणत्या कारागिरांना हे सहजासहजी रुचले असेल असे वाटत नाही.

फसलेली भिंगे

यापुढे जे घडले ते आबे यांच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक प्रकरण होय. भिंगाच्या कडेकडून येणारे किरण मध्यभागातून येणाऱ्या किरणांशी नीट जुळत नाहीत आणि त्यामुळे प्रतिमा पुसट होते, हे सर्वांना ठाऊक होते. याला गोलीय विपथन म्हणतात. कडेचे किरण घेतलेच नाहीत तर दोष आपोआप कमी होईल, या सरळ विचाराने आबे यांनी प्रकाशाचा अरुंद शंकूच आत घेणारी पदार्थभिंगे गणिताने आखली. कारागिरांनी ती हुबेहूब घडविली. गणिताप्रमाणे ती निर्दोष होती. प्रत्यक्षात मात्र त्यांतून दिसणारे चित्र जुन्या, अंदाजाने बनविलेल्या, रुंद शंकूच्या भिंगांहून निकृष्ट निघाले. कडा स्वच्छ दिसत. परंतु ज्या बारीक रेषा जुन्या भिंगातून स्पष्ट दिसत, त्या नव्या भिंगात नाहीशा होत.

दुसऱ्या एखाद्याने गणितात चूक शोधली असती किंवा कारागिरावर ठपका ठेवला असता. आबे यांनी दोन्ही तपासले आणि दोन्ही बिनचूक असल्याचे पाहून प्रश्नाचा रोखच बदलला. किरण म्हणजे सरळ रेषा, या भूमितीच्या कल्पनेवर आतापर्यंतचे सर्व गणित उभे होते. प्रकाश हा तरंग आहे आणि बारीक रचनेवरून जाताना तो पसरतो, त्याचे विवर्तन होते, ही बाब त्यात धरलेलीच नव्हती. ज्या वस्तूतील तपशील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपास येतो, तेथे ही कल्पना पुरी पडत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले.

हे पडताळण्यासाठी त्यांनी योजलेला प्रयोग आजही भौतिकीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. काचेवर अगदी जवळजवळ समांतर रेषा ओढून ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. प्रकाश त्या रेषांवरून जाताना एका सरळ झोतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या अनेक झोतांत विभागतो. नेत्रिका काढून नळीत डोकावले तर पदार्थभिंगाच्या मागे हे झोत ठिपक्यांच्या रांगेसारखे दिसतात. रेषा जितक्या दाट, तितके ठिपके एकमेकांपासून दूर. आबे यांनी तेथे निरनिराळे आडपडदे ठेवून पाहिले. बाजूचे सर्व ठिपके झाकले तर नेत्रिकेत रेषा दिसतच नाहीत, नुसते उजळ क्षेत्र उरते. मधला आणि त्याच्या शेजारचा एक ठिपका मोकळा ठेवला की रेषा पुन्हा उमटतात. आणि शेजारचे ठिपके झाकून त्यांच्या पलीकडचे मोकळे ठेवले, तर पट्टीवर प्रत्यक्षात आहेत त्याच्या दुप्पट रेषा दिसू लागतात, त्याही अगदी ठसठशीत.

या शेवटच्या निरीक्षणाचे महत्त्व विशेष आहे. भिंग निर्दोष आहे, चित्र स्पष्ट आहे आणि तरीही ते खोटे आहे. प्रतिमेचा ठसठशीतपणा हा तिच्या खरेपणाचा पुरावा होत नाही, हे आबे यांनी अशा रीतीने सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले.

विभेदनाची मर्यादा

या संशोधनाचा लेख १८७३ मध्ये सूक्ष्मशरीररचनेला वाहिलेल्या एका जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या विस्तृत लेखात आबे यांनी जवळजवळ सर्व विवेचन शब्दांत केले. ज्या सूत्रामुळे ते अजरामर झाले, ते सूत्ररूपात त्यांनी नंतर छापले. त्याचा आशय असा : ज्या दोन रेषा वेगवेगळ्या दिसू शकतात त्यांच्यातील किमान अंतर हे प्रकाशाच्या तरंगलांबीला भिंगाच्या संख्यात्मक द्वारकाच्या दुपटीने भागले असता मिळते. संख्यात्मक द्वारक ही संज्ञाही आबे यांचीच. भिंग आणि वस्तू यांमधील माध्यमाचा अपवर्तनांक आणि भिंगात शिरणाऱ्या प्रकाशशंकूच्या अर्ध्या कोनाची ज्या यांचा तो गुणाकार होय.

हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या निम्म्याहून किंचित अधिक असते. उत्तम पदार्थभिंगाचा संख्यात्मक द्वारक १.४ धरला तर मर्यादा ०.२ मायक्रोमीटरच्या आसपास येते. भिंग कितीही घासले किंवा चित्र कितीही मोठे केले तरी याहून बारीक तपशील त्या मार्गाने दिसत नाही. पुढल्याच वर्षी, १८७४ मध्ये, हेर्मान फोन हेल्महोल्ट्स हे स्वतंत्रपणे याच निष्कर्षाप्रत आले. इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅली यांनी नंतर या विषयाची निराळ्या अंगाने मांडणी केली.

या नियमाने निराशा पदरी पडावी असे प्रथमदर्शनी वाटते. आबे यांनी तो कामाला लावला. सूत्रात बदलता येण्याजोग्या गोष्टी तीनच : तरंगलांबी, शंकूचा कोन आणि माध्यम. कोन वाढवावयाचा तर विपथन आवरणे भाग होते. त्यासाठी त्यांनी भिंगरचनेची जी अट शोधून काढली ती ज्या-अट म्हणून ओळखली जाते. १८७२ पासून झाइस यांच्या कारखान्यातील सर्व सूक्ष्मदर्शक आबे यांच्या गणिताप्रमाणे बनू लागले. वस्तूवर खालून रुंद शंकूचा प्रकाश टाकणारा संघनकही त्यांनी याच दशकात तयार केला.

माध्यमाचा प्रश्न तेलाने सुटला. काच आणि हवा यांच्या सीमेवर तिरपे किरण परत फिरतात आणि वाया जातात. त्या फटीत काचेइतक्याच अपवर्तनांकाचे तेल भरले तर किरणांना सीमाच उरत नाही. ही कल्पना जॉन वेअर स्टीव्हन्सन या इंग्रज सूक्ष्मदर्शकतज्ज्ञांनी सुचविली होती आणि आबे यांनी तिचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले. १८७८ मध्ये असे तैलनिमज्जन भिंग तयार झाले. त्यासाठी देवदार जातीच्या लाकडाचे तेल वापरीत. रोबेर्ट कोख यांनी आबे यांचा संघनक आणि तैलनिमज्जन भिंग वापरून जीवाणूंचा अभ्यास केला आणि १८८२ मध्ये क्षयरोगाचा जंतू जगापुढे आणला. हा जंतू जेमतेम अर्धा मायक्रोमीटर जाड, म्हणजे आबे यांच्या मर्यादेच्या उंबरठ्यावरचा. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी थुंकीची तपासणी करणारा तंत्रज्ञ काचपट्टीवर तेलाचा थेंब सोडून शंभरपटीचे भिंग खाली आणतो, तेव्हा तो १८७८ सालचीच ही युक्ती वापरीत असतो.

शॉट आणि नवी काच

यानंतरचा अडथळा काचेचा होता. एकाच भिंगातून तांबडा आणि निळा प्रकाश निरनिराळ्या ठिकाणी केंद्रित होतो आणि प्रतिमेला रंगीत कडा येतात. दोन प्रकारच्या काचा एकत्र करून हा दोष कमी करता येतो, पण त्या काळी मिळणाऱ्या मोजक्या काचांनी तो पुरता जात नव्हता. आबे यांनी हे १८७०च्या दशकातच लिहून ठेवले होते. विटेन येथील काचकारागिरांच्या घराण्यातील तरुण रसायनज्ञ ओटो शॉट यांनी १८७९ साली आपण बनविलेल्या काचेचे नमुने आबे यांच्याकडे पाठविले आणि त्यातून सहकार्य सुरू झाले. शॉट १८८२ मध्ये येनाला आले. १८८४ मध्ये शॉट, आबे, कार्ल झाइस आणि त्यांचे पुत्र रोडरिख यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा स्थापन केली. प्रशियाच्या सरकारनेही या प्रयोगांना अनुदान दिले. बोरॉन, फॉस्फरस, बेरियम यांची संयुगे घालून शॉट यांनी पूर्वी कधीही नसलेल्या काचा तयार केल्या. काच निरनिराळ्या रंगांना किती कमीअधिक फाकविते हे दाखविणारा जो अंक काचेच्या सूचीत छापतात, त्याला आबे अंक असे नाव आहे.

नव्या काचा आणि फ्ल्युओराइट हे खनिज यांच्या साहाय्याने १८८६ मध्ये आबे यांनी रंगदोषमुक्त पदार्थभिंगे सिद्ध केली. निर्मळ फ्ल्युओराइट दुर्मीळ असल्याने त्याच्या शोधात ते स्वतः स्वित्झर्लंडच्या डोंगरांत गेले होते. विज्ञानाच्या उपयोगाची उपकरणे सर्वांना खुली असावीत, या मताने त्यांनी सूक्ष्मदर्शकातील आपल्या सुधारणांचे एकस्व घेतले नाही. कारखान्याच्या छायाचित्रण-भिंगांच्या आणि दुर्बिणींच्या बाबतीत हे धोरण राहिले नाही, हेही नोंदविले पाहिजे. त्या शाखा १८९०च्या दशकात वाढल्या.

आबे लिहिण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता घेत. त्यांचा सिद्धांत पुस्तकरूपाने जगापुढे आला तो त्यांचे सहकारी झिगफ्रीड चापस्की यांच्या १८९३ सालच्या ग्रंथामुळे.

मालकाकडून संस्थेकडे

आबे १८७६ मध्ये कारखान्याचे भागीदार झाले. १८८८ मध्ये कार्ल झाइस यांचे निधन झाले. गिरणीच्या दारात उभा राहिलेला मुलगा आता शेकडो कामगारांचा मालक आणि श्रीमंत गृहस्थ झाला होता. हे धन आपल्या एकट्याच्या कर्तृत्वाचे नाही, त्यात विद्यापीठाचा, कारागिरांचा आणि समाजाचा वाटा आहे, असे त्यांचे मत होते. १८८९ मध्ये त्यांनी कार्ल झाइस प्रतिष्ठान स्थापन केले आणि १८९१ मध्ये झाइस कारखान्याची आपली संपूर्ण मालकी व काचकारखान्यातील आपला हिस्सा प्रतिष्ठानाला देऊन टाकला. प्रतिष्ठानाला त्यांनी स्वतःचे नाव न देता दिवंगत सहकाऱ्याचे दिले. स्वतः ते पगारी व्यवस्थापक म्हणून काम करू लागले.

१८९६ मध्ये त्यांनी लिहिलेली प्रतिष्ठानाची घटना ही मोठ्या मेहनतीने सिद्ध केलेली संहिता आहे. कामगारांना पगारी रजा, निवृत्तिवेतनाचा हक्क, नोकरी गेल्यास भरपाई आणि नफ्यात वाटा या गोष्टी तीत मालकाच्या मर्जीवर न ठेवता हक्क म्हणून लिहिल्या आहेत. कोणत्याही अधिकाऱ्याचा, मग तो संचालक का असेना, पगार कामगारांच्या सरासरी वेतनाच्या दसपटीपेक्षा जास्त असू नये, अशी अट होती. नेमणूक करताना वंश, धर्म किंवा राजकीय पक्ष पाहू नये, असेही बंधन घातले होते. उत्पन्नातील मोठा वाटा येना विद्यापीठाकडे आणि शहरातील वाचनालयासारख्या लोकोपयोगी कामांकडे जाई.

१ एप्रिल १९०० पासून कारखान्यात कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला गेला. आबे यांनी याकडेही प्रयोग म्हणूनच पाहिले. उक्त्यावर काम करणाऱ्या २३३ कामगारांची आधीच्या आणि नंतरच्या वर्षातील कमाई त्यांनी ताडून पाहिली. दिवसभराचे उत्पादन पूर्वीइतके राहण्यासाठी तासाला साडेबारा टक्के अधिक काम होणे आवश्यक होते. प्रत्यक्षात वाढ सुमारे सोळा टक्के भरली. म्हणजे आठ तासांत नऊ तासांहून किंचित अधिकच काम झाले. थकलेल्या माणसाचा शेवटचा तास यंत्राची ऊर्जा तेवढी खातो, हा निष्कर्ष त्यांनी आकडेवारीसह व्याख्यानांतून मांडला. वडिलांची हकिकत त्यांनी सांगितली ती याच व्याख्यानमालेत.

अतिश्रम आणि निद्रानाश यांनी त्यांची प्रकृती ढासळली. १९०३ मध्ये त्यांनी व्यवस्थापनातून अंग काढून घेतले. १४ जानेवारी १९०५ रोजी, पासष्ट वर्षे पुरी होण्यास नऊ दिवस उरले असताना, येना येथे त्यांचे निधन झाले.

संवेदक चिप आणि आबे मर्यादा

आबे यांच्या काळी प्रतिमा डोळ्याने किंवा छायाचित्रणाच्या काचेवर पाहिली जाई. आज ती सिलिकॉनच्या किंवा अन्य अर्धवाहकाच्या चिपवर पडते आणि तिचे पिक्सेल नावाच्या चौकटींत तुकडे होतात. प्रतिमेची सुस्पष्टता वाढविण्याच्या आजच्या प्रयत्नांत आबे यांचा नियम प्रत्येक टप्प्यावर आड येतो किंवा वाट दाखवितो.

उष्णतेची प्रतिमा टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्यांचे उदाहरण बोलके आहे. ते ज्या किरणांवर चालतात त्यांची तरंगलांबी दहा मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या सुमारे अठरा पट असते. तोंड मोठे असलेल्या भिंगाचा संख्यात्मक द्वारक ०.५ धरला तर चिपवर उमटू शकणाऱ्या दोन रेषांतील किमान अंतरच दहा मायक्रोमीटर येते. अशा चिपवर पिक्सेल पाच मायक्रोमीटरहून लहान करण्यात फारसा लाभ नाही. भिंगच त्याहून बारीक तपशील चिपपर्यंत पोहोचवीत नाही. प्रचारात असलेल्या अनेक अवरक्त चिपवरील पिक्सेल १७ किंवा १२ मायक्रोमीटर अंतराने असतात. तेथे उलट अडचण होते. भिंग पोहोचवीत असलेला बारीक तपशील पिक्सेलच्या जाळीत मावत नाही आणि प्रत्यक्षात नसलेल्या जाड रेषा चित्रात उमटतात. कारण निराळे असले तरी आबे यांच्या दुप्पट रेषांसारखाच हा ठसठशीत खोटेपणा होय. त्यावर एक उपाय असा की, प्रतिमा अर्ध्या पिक्सेलने सरकवून पुन्हा टिपायची आणि मिळालेली चित्रे एकमेकांत गुंफायची.

काही संवेदकांत पिक्सेलची एकच ओळ असते आणि आरसा हलवून किंवा वाहनाच्या गतीने दृश्य त्या ओळीवरून सरकविले जाते. भारताच्या आयआरएस मालिकेतील उपग्रहांनी १९८८ पासून भूमीची चित्रे अशाच ओळ-संवेदकांनी टिपली. या पद्धतीत क्रमवीक्षणाच्या दिशेने प्रतिमा थोडी फरपटते. गती ठाऊक असल्यास हा पुसटपणा गणिताने पुष्कळसा उलटविता येतो. प्रतिमेला बारीक व जाड रेषांच्या मिश्रणाप्रमाणे मानून, ज्या बारीक रेषा क्षीण झाल्या असतील त्यांना बळ देणे, हे या गणिताचे सार. प्रतिमेकडे अशा रीतीने पाहण्याची सुरुवात आबे यांच्या ठिपक्यांच्या रांगेपासूनच झाली. तथापि, क्षीण झालेले वाढविता येते. भिंगाने आतच न घेतलेले या रीतीने परत आणता येत नाही. शिवाय बळ देताना संवेदकातील विद्युत खरखरही तितकीच वाढते. ती खरखर किती आहे हे मोजल्यावाचून चित्र धारदार करीत गेल्यास दाण्यादाण्यांचे खोटे पोत तयार होतात.

चिपच्या तपासणीतही हाच नियम उपयोगी पडतो. सुमारे १.१ मायक्रोमीटरहून लांब तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाला सिलिकॉन पारदर्शक असते, त्यामुळे चिप पाठीमागून न्याहाळता येते. प्रकाश लांब तरंगाचा असल्याने चित्र पुसट यावयास हवे. परंतु सिलिकॉनचाच अर्धगोल भिंग म्हणून पाठीला चिकटविला तर माध्यमाचा अपवर्तनांक साडेतीनच्या घरात जातो आणि तपशील त्या प्रमाणात उजळतो. हे घन रूपातील तैलनिमज्जनच म्हणावे लागेल. चिप बनविणाऱ्या मुद्रणयंत्रांतही १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आणि भिंगाखाली पाण्याचा थर यांनी संख्यात्मक द्वारक १.३५पर्यंत नेला गेला. त्यापुढील यंत्रांनी तरंगलांबीच १३.५ नॅनोमीटरवर आणली. या यंत्रांतील आरसे झाइस कारखान्याच्या ओबरकोखेन येथील शाखेत तयार होतात. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीबरोबर कारखान्याचीही फाळणी झाली, तेव्हा पश्चिमेकडील भाग तेथे वसला होता.

चकाकणाऱ्या रेणूंना आलटूनपालटून विझवून व पेटवून आबे मर्यादेला वळसा घालता येतो, हे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून दाखविले गेले. त्याबद्दल २०१४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एरिक बेट्झिग, श्टेफान हेल आणि विल्यम मोएर्नर यांना मिळाले. हेल यांची प्रयोगशाळा आबे जेथे शिकले त्या ग्योटिंगेनमध्ये आहे.

स्मारके

येना येथे १९११ मध्ये आबे यांचे स्मारक उभारण्यात आले. अष्टकोनी मंडपाची ही वास्तू हेन्री फान दे व्हेल्डे यांनी आखली. आतील आबे यांचा अर्धपुतळा माक्स क्लिंगर यांचा असून कष्टकऱ्यांची उठावशिल्पे बेल्जियन शिल्पकार कोन्स्टान्टिन म्यनिए यांची आहेत. विभेदन मर्यादेचे सूत्र कोरलेला दगडही येनामध्ये आहे. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवराला आबे यांचे नाव देण्यात आले आहे.